घोडपदेवच्या गल्लीत गाडीचे पोट पाहिले

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. घोडपदेवच्या मामी आजारी असल्याचा निरोप आला होता. एसटीने जावे असे ठरवले होते; पण पुतण्या म्हणाला, "नाना, गाडी मेथी-कोथिंबीर घेऊन भायखळ्याला निघालीच आहे. शेजारची सीट रिकामी जाती. बसा की."

रात्री दहाच्या सुमारास ओतूरहून निघालो. मागे हौद्यात जुड्या भरलेल्या, वर ओले गोणपाट. थंडी चांगलीच पडली होती आणि काचेवर दव धरत होते. माळशेज घाट उतरताना मागच्या अंगाने 'कट्-कट्' असा आवाज येऊ लागला. वळण आले की आवाज, ब्रेक लावला की आवाज. पुतण्या म्हणाला, "पाट्याचा बुश गेला असंल. आठ दिवस झालं वाजतंय." मीही त्यावर विचार केला नाही. माणसाच्या पोटात आठ दिवस दुखले तर आपण डॉक्टरकडे जातो. गाडीच्या पोटात दुखले तर रेडिओचा आवाज वाढवतो.

मुरबाड, कल्याण, ठाणे मागे टाकत पहाटे भायखळ्याच्या संत सावता माळी मंडईत पोहोचलो. अरणच्या सावता महाराजांचे नाव मुंबईच्या भाजीमंडईला आहे, हे पाहून शेतकऱ्याच्या पोराला बरे वाटते. घाऊक भाजीपाल्याचा मोठा बाजार १९९६ साली वाशीला गेला, तरी पालेभाजीची पहाटेची गडबड इथे अजून आहे. तासाभरात जुड्या उतरल्या. मी म्हणालो, "आता मामींकडे जायचेच आहे. तिथे मामांचे एक जुने सोबती आहेत, मिस्त्री. त्यांना हा आवाज ऐकवू."

घोडपदेव मला नवे नाही. माझे मामा इथल्या गिरणीत साच्यावर होते. मे महिन्याच्या सुटीत आम्ही भाचरे चाळीतल्या त्यांच्या खोलीत येऊन राहायचो. एका खोलीत अकरा माणसे. पण पहाटेचा भोंगा झाला की त्यातली निम्मी पाळीला निघून जायची आणि पाय पसरायला जागा व्हायची. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. मी तेव्हा शाळेत होतो. मामा गावी आले, आमच्याबरोबर कांदे काढू लागले आणि दर आठवड्याला म्हणत, "पुढच्या महिन्यात सुरू होईल." त्यांची गिरणी त्यांच्यासाठी पुन्हा सुरू झालीच नाही. आज न्यू हिंद मिलच्या जागेवर म्हाडाने गिरणी कामगारांसाठी बांधलेल्या उंच इमारती उभ्या आहेत. मामी तिथे राहतात. घराची सोडत निघून मामांचे नाव लागले, तेव्हा मामा हयात नव्हते.

मिस्त्रींचे दुकान तिथून जवळच, एका अरुंद गल्लीत. गिरणीत ते फिटर होते. संपानंतर हातातले पान्हे घेऊन रस्त्यावर बसले आणि टेम्पो-ट्रकची कामे करता करता तिथेच राहिले. आता पोरे काम करतात, मिस्त्री स्टुलावर बसून नुसता आवाज ऐकतात.

पेचकस आरपार गेला

मिस्त्रींनी पुतण्याला गाडी पुढे-मागे घ्यायला लावली. मग चाकांना लाकडी ठोकळे लावले, जॅक चढवला, त्याखाली लोखंडी घोडे सरकवले आणि वयाला न जुमानता स्वतः खाली शिरले. हातात बॅटरी, छोटी हातोडी आणि एक जाड पेचकस. चासीच्या पट्टीवर पुढून मागे हातोडी वाजवत गेले. ठण्, ठण्, ठण्... आणि मागच्या पाट्याच्या हँगरजवळ आवाज बदलला. थप्. पिकलेल्या कलिंगडावर टिचकी मारावी तसा. मिस्त्रींनी तिथे पेचकस टेकवला आणि नुसत्या मनगटाने दाबला. पेचकस आरपार गेला.

"पोरा, ये इकडं. आडवा हो आणि बघ."

पुतण्या म्हणाला, "पण मिस्त्री, दोन वर्षांमागं खालून काळा कोट मारून घेतलाय की!"

मिस्त्रींनी त्या काळ्या कोटाचे टोक नखाने उचलले. भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा हातभर कोट सुटून आला. त्याच्या आतल्या बाजूला आमच्या शेतातली वाळलेली माती होती आणि मातीखाली तांबूस भुगा. कोट मारणाऱ्याने खालचा चिखलही धुतला नव्हता. चिखलावरच डांबर फिरवून पैसे घेतले होते.

मिस्त्रींनी मग ब्रेकची नळी बोटांनी चोळली. तिचेही कपचे हातात आले. "ही कधी फुटली असती, सांगता येत नाही," एवढेच म्हणाले. पुतण्या उठून बाहेर जाऊन उभा राहिला. मला माळशेजची वळणे आठवली. मागे दीड टन माल, पुढे उतार, एका बाजूला दरी. गाडीचे अजून दीड वर्षाचे हप्ते बाकी आहेत, हे त्याने मला वाटेतच सांगितले होते. वहिनींनी त्या गाडीच्या आगाऊ रकमेसाठी पाटल्या मोडल्या होत्या, हे मला ठाऊक होते. पण त्या घटकेला हप्ते आणि पाटल्या दोन्ही लहान वाटल्या.

मिस्त्रींनी एकच प्रश्न विचारला, "परतीला काय भरतोस?"

"मासळी. भाऊच्या धक्क्यावरनं. आठवडे बाजाराला."

"मग कळलं," मिस्त्री म्हणाले.

मीठ हाच तो भिडू

वाचकहो, लोखंड गंजायला दोन गोष्टी लागतात, पाणी आणि हवेतला प्राणवायू. कोरड्या जागी ठेवलेली पहार वर्षानुवर्षे टिकते आणि ओल्या मातीत राहिलेले विळ्याचे पाते महिन्यात तांबडे होते, हे आपण सारेच जाणतो. यात तिसरा भिडू मिसळला की काम झपाट्याने होते. तो म्हणजे मीठ. खारट पाण्यातून विजेचा सूक्ष्म प्रवाह सहज वाहतो आणि गंजण्याची क्रिया विजेच्या घटासारखीच चालते. म्हणून खारे पाणी लोखंड लवकर खाते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. मासळीच्या क्रेटमधले बर्फ वितळते, ते खारे पाणी हौद्याच्या मागच्या फटीतून टपकते आणि नेमके मागच्या आडव्या पट्टीवर, हँगरवर, ब्रेकच्या नळीवर पडते. आमची गाडी मागूनच का खाल्ली गेली, याचे उत्तर एवढेच.

आणि पाणी सुकले म्हणजे धोका गेला असे नाही. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की मीठ हवेतलेच पाणी ओढून ओले होते. पावसाळ्यात मिठाची बरणी पाझरते, तसेच. गाडी जागेवर उभी असली तरी खालून गंजत राहते.

तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे मासळी वाहतो? पण खत तर वाहतो ना? म्युरेट ऑफ पोटॅश हे मिठाचेच सख्खे भावंड आहे. त्यात जवळजवळ निम्मा भाग क्लोराइड असतो. फाटक्या गोणीतून ते हौद्यात सांडते, पावसाच्या पाण्याबरोबर विरघळते आणि पत्र्याच्या सांध्यांत जाऊन बसते. युरिया आणि अमोनियम सल्फेटही ओल धरून ठेवतात. शेणखत, कोंबडीखत, गोमूत्र यांतही क्षार असतात. अमेरिका-कॅनडाच्या थंड भागात हिवाळ्यात रस्त्यावरचे बर्फ वितळावे म्हणून मीठ टाकतात आणि तिकडच्या पिकअप गाड्यांची पोटे त्याने सडतात. तिकडचे लोक हिवाळा सुरू होण्यापूर्वी गाडीला खालून तेलाचा किंवा मेणाचा थर देऊन घेतात. आपल्याकडे रस्त्यावर कोणी मीठ टाकत नाही. ते आपण स्वतःच हौद्यात भरून आणतो.

दारुखान्यातला धडा

हँगरजवळ लावायला जाड पट्टी हवी होती. मिस्त्रींनी पोराला पाठवले, मीही बरोबर गेलो. रे रोड स्टेशन ओलांडले की बंदराच्या अंगाला दारुखाना लागतो. हे नाव तोफेच्या दारूवरून पडले. आज तिथे लोखंड विकले जाते. जहाजे मोडण्याचा हा जुना ठिकाणा. नांगराचे साखळदंड, माणसाच्या उंचीचे पंखे, जहाजाच्या अंगाचे कापलेले पत्रे, सारे रस्त्याच्या कडेला रचलेले. १९७१च्या युद्धात नाव कमावलेली विक्रांत ही आपली विमानवाहू युद्धनौका १९९७ साली सेवेतून निवृत्त झाली आणि २०१४ साली मोडीत निघून याच दारुखान्यात तोडली गेली. तिचे काही लोखंड पुढे बजाजच्या 'व्ही' मोटारसायकलीत वापरले गेले.

मला नवल वाटले ते असे, की सारा जन्म खाऱ्या पाण्यात काढलेल्या जहाजांचे पत्रे इतके जाड आणि निरोगी कसे? दुकानदार हसला. म्हणाला, "साहेब, जहाजावर खलाशी रोज काय करतात? खरवडतात आणि रंगवतात. खरवडतात आणि रंगवतात." शिवाय जहाजाच्या पोटाला जस्ताचे ठोकळे लावलेले असतात. जस्त आधी स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचवते. आपल्या घरावरचा जस्ती पत्रा टिकतो तो याच कारणाने.

पूर्वी जहाजांना पहिला हात शेंदराच्या रंगाचा देत. शेंदूर म्हणजे शिशाचे भस्म. आपण गावच्या देवाला जो लावतो तोच. तो लोखंडाला गंजापासून उत्तम राखतो, पण शिसे विषारी असल्यामुळे त्याचा वापर आता टाळतात. बाजारात मिळणारा 'रेड ऑक्साइड' हा शेंदूर नव्हे. रंग तांबडा असला तरी तो लोखंडाच्या भस्माचा असतो. गाडीच्या पोटासाठी झिंक फॉस्फेटचा प्रायमर मिळाला तर तो अधिक चांगला.

परत आलो तेव्हा मिस्त्रींनी गंजलेला भाग कापून काढला होता. त्यांनी एक गोष्ट पुनःपुन्हा बजावली. गंजलेल्या लोखंडावर वेल्डिंग धरत नाही. चांगले लोखंड लागेपर्यंत मागे जावे लागते. वेल्डिंगपूर्वी त्यांनी बॅटरीची वायर सोडवली, डिझेलच्या नळीवर ओले गोणपाट टाकले आणि शेजारी पाण्याची बादली व वाळू ठेवली. ब्रेकची नळी नवी टाकली. दोन दिवस काम चालले. शेवटी म्हणाले, "ही डागडुजी आहे, पोरा. गाडी घरी जाईल, हलकं भाडं मारील. पण वर्षाच्या आत कंपनीच्या वर्कशॉपात दाखवून ही बाजू बदलून घे. आणि तोवर घाटात भरलेली गाडी घालू नकोस."

पोटाची निगा : दिवाळी ते संक्रांत

मामींच्या घरी त्या दोन रात्री मी मिस्त्रींकडून ऐकलेले वहीत उतरवले. त्यात माझी थोडी भर घालून इथे देतो. हे काम दिवाळीनंतर, पाऊस पूर्ण गेल्यावर आणि हवा कोरडी झाल्यावर करावे. पावसाळ्याचा चिखल चासीत ठासून बसलेला असतो आणि थंडीतले दव त्याला रोज पहाटे भिजवते. म्हणून तो तसाच संक्रांतीपुढे जाऊ देऊ नये.

पहिली पायरी धुण्याची. खालून जोराच्या पाण्याने मडगार्डच्या आतली बाजू, पाट्यांच्या फटी, आडव्या पट्ट्यांचे कोपरे नीट धुवावेत. पाणी गोडे हवे. मचूळ बोअरच्या पाण्याने धुणे म्हणजे मिठाने मीठ धुणे. चासीला आणि दरवाजांना खाली लहान छिद्रे ठेवलेली असतात, ती पाणी निघून जाण्यासाठी. ती चिखलाने बुजलेली असतात. तारेने मोकळी करावीत. मग गाडी दोन दिवस उन्हात उभी करावी.

दुसरी पायरी पाहण्याची. हातोडीचा आवाज ऐकावा, शंका येईल तिथे पेचकस दाबून पाहावा. ब्रेकच्या नळ्या, पाट्यांचे हँगर, यू-बोल्ट आणि हौद्याचे बोल्ट यांकडे विशेष लक्ष द्यावे. नुसता तांबडा रंग दिसला तर तो वरवरचा गंज. पापुद्रे सुटत असतील तर तो खोल गेला असे समजावे. ब्रेकची नळी किंवा चासी खाल्ली गेली असेल, तर रंगाचा विचार सोडून गाडी मिस्त्रीकडे न्यावी.

तिसरी पायरी खरवडण्याची. तारेच्या ब्रशने सुटा गंज पूर्ण काढावा. डोळ्यांना चष्मा आणि नाकाला फडके बांधूनच खाली जावे. एकट्या जॅकच्या भरवशावर कुणीही गाडीखाली शिरू नये. पक्के घोडे किंवा मजबूत लाकडी ठोकळे लावावेत, चाकांना अडसर द्यावा. घरातल्या लहान मुलांना जवळ फिरकू देऊ नये.

चौथी पायरी गंज मारण्याची. खरवडूनही लोखंडाच्या खाचांत थोडा गंज उरतोच. त्यासाठी फॉस्फरिक किंवा टॅनिक आम्लाचे तयार द्रावण रंगाच्या दुकानात मिळते. ते लावले की उरलेल्या गंजाचा काळा, घट्ट थर बनतो. आमच्या जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात आदिवासी बंधू जो हिरडा गोळा करतात, त्यातले मुख्य द्रव्य हेच टॅनिन. हिरडा आणि लोखंड एकत्र आले की काळे होते आणि त्यापासून पूर्वी शाई करीत. तत्त्व तेच आहे. मात्र घरचा हिरड्याचा काढा चासीला लावू नये. त्याची ताकद मोजलेली नसते.

पाचवी पायरी प्रायमर आणि रंगाची. प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावरच दुसरा द्यावा. शेवटी खालून डांबरी किंवा रबरी कोट द्यावा. पोकळ पट्ट्यांच्या आत मेणाचा किंवा लॅनोलिनचा फवारा मारावा. लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतला स्निग्ध पदार्थ. पावसात मेंढीच्या अंगावरून पाणी ओघळते ते त्याच्यामुळे. सायलेन्सर, ब्रेकची चकती व ड्रम, शॉकॲबसॉर्बरचा दांडा, प्रोपेलर शाफ्टचे सांधे, रबरी नळ्या आणि ती पाणी जाण्याची छिद्रे यांवर कोट अजिबात लागू देऊ नये. काम चालू असताना त्यांवर कागद चिकटवावा.

आणि एक लक्षात ठेवावे. कोट हा गंजावरचा इलाज नाही, तो चांगल्या लोखंडाचे पांघरूण आहे. ओल्या चिखलावर घातलेले पांघरूण ओल आतच कोंडते आणि गंज झाकला जाऊन दिसतही नाही. गंज फुगतो, मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा घेतो आणि कोट आतून उचलतो. आमच्या गाडीचे तेच झाले होते. काहीच न मारता ती तशी ठेवली असती, तर निदान गंज डोळ्यांना दिसला तरी असता.

काळ्या ऑईलचे काय?

खेडोपाडी गाडीखाली जळके काळे ऑईल फवारण्याची रीत आहे. त्याने काही दिवस गंज थांबतो हे खरे. पण जळक्या ऑईलमध्ये आम्ले आणि धातूचे कण असतात, ते रबरी बुश फुगवते, ब्रेकवर उडाले तर ब्रेक धरत नाही आणि त्वचेलाही ते घातक आहे. शिवाय ते टपकते कुठे? आपल्याच अंगणात, शेताच्या बांधावर, विहिरीच्या वाटेवर. जमिनीचा माणूस म्हणून मी एवढेच म्हणेन, की गाडी वाचवण्यासाठी माती नासवू नका. ते ऑईल डब्यात साठवून घेणाऱ्याकडे द्यावे.

रोजच्या सवयी मात्र बिनपैशाच्या आहेत. खत उतरवल्यावर हौदा आधी कोरडा झाडावा, सांडलेले खत गोळा करून पिकाला घालावे आणि मग धुवावे. मासळी भरायची असेल, तर खाली जाड ताडपत्री चारही बाजूंनी उचलून तिचा हौद करावा आणि घरी आल्यावर त्याच दिवशी गाडी वरून-खालून धुवावी. "सकाळी धुऊ" म्हणू नये. गाडी गोठ्यात, उकिरड्यालगत किंवा ओल्या गवतावर उभी करू नये. फरशी नसेल तर मुरमाचा उंचवटा करावा. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, पावसाळ्यापूर्वी, एकदा पुन्हा खालून पाहावे आणि जिथे रंग उडाला असेल तिथे हात द्यावा. नव्या मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी योग्यतेचा दाखला घ्यावा लागतो. पण दाखल्याची तारीख गंज पाहत नाही.

परतीच्या वाटेवर गाडी रिकामी होती. मासळी भरली नाही. मामी सोबत होत्या. हवापालटासाठी पंधरा दिवस गावी येते म्हणाल्या. माळशेजच्या पायथ्याशी पुतण्याने गाडी कडेला घेतली, काही न बोलता बॅटरी घेऊन खाली वाकला आणि नव्या नळीला हात लावून पाहून आला. मामी म्हणाल्या, "काय पाहतो रे?"

"पोट पाहतो, आजी," तो म्हणाला.

घरी आल्यावर आम्ही दोघांनी मिळून उरलेल्या चासीचे काम केले. तीन दिवस गेले आणि एका खेपेच्या भाड्याएवढा खर्च आला. वाड्यातल्या आणखी दोघांनी आपापल्या गाड्या खालून पाहिल्या. एकाच्या ब्रेकची नळी आमच्यासारखीच निघाली. त्याने ती दुसऱ्याच दिवशी बदलली.

आपण बैलाचे खूर पाहतो, म्हशीची कास पाहतो, पिकाचे पान उलटे करून खालची कीड पाहतो. गाडी तेवढी वरून पुसतो, हार घालतो आणि लिंबू-मिरची बांधतो. या थंडीत एक दिवस काढा, गाडी उन्हात उभी करा आणि हातोडी घेऊन खालून वाजवून पाहा. आवाज 'ठण्' आला तर समाधानाने रंगाचा डबा उघडा. 'थप्' आला, तर त्या दिवशी घाट उतरू नका.